ओळख आणि पत

बँकेत खाते उघडायचे म्हणजे एके काळी ओळख लागे. अर्जाच्या तळाशी त्यासाठी एक वेगळा रकाना असे. ज्याचे त्या शाखेत आधीपासून खाते आहे, अशा कुणीतरी तिथे सही करायची, 'अर्जदारास मी इतकी वर्षे ओळखतो' असे लिहायचे आणि आपला खातेक्रमांक घालायचा. गावातले मास्तर, पेठेतले किराणा दुकानदार, चाळीतले सरकारी नोकरीतले काका अशी मंडळी या कामाला उपयोगी पडत. त्या सहीत पैसे गुंतलेले नसत. पण सही करणारा माणूस दोनदा विचार करून सही करी. कारण त्याची पत तिथे लागलेली असे. पुढे २००२ पासून 'आपला ग्राहक ओळखा' हे नियम आले, ओळखपत्रे आली, आधार आणि पॅन आले; आणि ओळख देणाऱ्याच्या त्या सहीची गरज हळूहळू संपली.

त्याच बँकेत नोकरी मागायला जाणाऱ्या तरुणापुढे मात्र तो जुना रकाना आजही उभा राहतो. पूर्वपरीक्षा झाली, मुख्य परीक्षा झाली, शेकडो गणिते सोडवून झाली. टेबलापलीकडे चार-पाच अनुभवी माणसे बसलेली आहेत. त्यांच्यापैकी एक जण हसून म्हणतो, "बसा. आपल्याविषयी थोडे सांगा." इथे मास्तर नाहीत, चाळीतले काका नाहीत. आपली ओळख आपणच द्यायची आणि तिच्याखाली सहीही आपणच करायची. वर्षभर आकडेमोडीत जराही न अडखळलेली मुले नेमकी या वाक्याशी येऊन अडखळतात. 'स्वतःबद्दल सांगा' हा खरे तर अभ्यासक्रमातला सर्वांत सोपा प्रश्न. त्याचे उत्तर जन्मापासून आपल्याकडे आहे. मग तो इतका अवघड का व्हावा?

एका मिनिटाचे मोल

आधी थोडा हिशेब मांडू, कारण विषय बँकेचा आहे. बँकेत शिरण्याच्या वाटा गेल्या काही दशकांत बदलत गेल्या. ज्या पिढीने बँकिंग सर्व्हिस रिक्रूटमेंट बोर्डाच्या परीक्षा दिल्या, ती आता निवृत्त झाली आहे किंवा त्या उंबरठ्यावर आहे. ही मंडळे २००१ मध्ये बंद झाली. काही वर्षे प्रत्येक बँक आपापली भरती करत होती. २०११ पासून मुंबईच्या आयबीपीएस या संस्थेमार्फत बहुतेक सरकारी बँकांची सामाईक परीक्षा सुरू झाली. स्टेट बँकेने आपली परीक्षा वेगळी ठेवली. लिपिकपदासाठी पूर्वी मुलाखत असे. खालच्या पदांच्या मुलाखती बंद करण्याचे केंद्र सरकारचे धोरण आल्यावर २०१६ पासून तीही गेली. मुलाखत उरली ती मुख्यतः अधिकारीपदासाठी, म्हणजे ज्याला आपण 'पीओ' म्हणतो त्या परिविक्षाधीन अधिकाऱ्यासाठी, आणि ग्रामीण बँकांतल्या अधिकाऱ्यांसाठी.

आयबीपीएसच्या अधिकारी-भरतीत मुलाखत १०० गुणांची असते. तीत किमान ४० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ३५ टक्के. अंतिम यादी लावताना मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० असा भार दिला जातो. वीस म्हणजे फार नाहीत असे वरवर वाटते. पण एका उमेदवाराला मुलाखतीत ४५ मिळाले आणि दुसऱ्याला ६५, तर अंतिम यादीत दोघांत ४ गुणांचे अंतर पडते. या यादीत अपूर्णांकावर माणसे आत-बाहेर होतात; तिथे ४ गुण म्हणजे एक अख्खे वर्ष. पुन्हा क्लास, पुन्हा खोलीचे भाडे, पुन्हा घरच्यांचे "काय झाले रे?"

आणि ही सारी मुलाखत साधारण पंधरा-वीस मिनिटांची. तीत पहिले एक-दीड मिनिट आपल्या हाती पूर्णपणे दिलेले असते. पुढचे सगळे प्रश्न समितीचे. हे दीड मिनिट मात्र आपले. त्याहून महत्त्वाचे असे की, पुढचे प्रश्न बहुधा या दीड मिनिटातूनच निघतात. "मी शेतकी पदवीधर आहे," म्हटले की पीककर्ज आलेच. "मला वाचनाची आवड आहे," म्हटले की "अलीकडे काय वाचलेत?" ठरलेले. म्हणजे पुढच्या पेपरातले निम्मे प्रश्न उमेदवार स्वतःच्या तोंडाने समितीच्या हाती देत असतो. ज्याला हे उमगले, त्याची अर्धी भीती तिथेच जाते.

पाठ केलेली माणसे

पण होते काय, तर या दीड मिनिटासाठी बाजारात तयार माल मिळतो. मार्गदर्शक पुस्तके आहेत, क्लासच्या छापील नोट्स आहेत, आता तर मोबाइलवर हवी तेवढी नमुना-उत्तरे आहेत. पुण्याच्या सदाशिव पेठेपासून लातूरपर्यंत, आणि नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत, अभ्यासिकांत बसलेली हजारो मुले तोच एक परिच्छेद घोकत असतात. "मायसेल्फ अमुक अमुक. आय ॲम हार्डवर्किंग, सिन्सिअर अँड पंक्च्युअल. माय स्ट्रेंग्थ इज पॉझिटिव्ह थिंकिंग. माय वीकनेस इज दॅट आय ट्रस्ट पीपल टू मच." मग आई गृहिणी, वडील नोकरीत, छंद वाचन आणि क्रिकेट. संपले.

यातली 'मायसेल्फ'ची सुरुवात इंग्रजीच्या दृष्टीने चूक आहे, हा भाग किरकोळ. खरी अडचण वेगळी आहे. सकाळपासून समितीने हाच परिच्छेद अनेकदा ऐकलेला असतो. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर ही विशेषणे दहाव्या उमेदवाराच्या तोंडी येतात तेव्हा ती कानावर पडतात, पण आत पोचत नाहीत. आणि 'मी लोकांवर फार विश्वास टाकतो' हा आपला दोष म्हणून सांगणाऱ्याला कर्जाच्या फायली सोपवायच्या आहेत, हे त्याच्या ध्यानातच आलेले नसते.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक विशेषण हा एक धनादेश आहे. तो लिहायला काही लागत नाही; वटवायला खात्यात शिल्लक लागते. 'मी मेहनती आहे' हा धनादेश झाला. 'पदवीच्या तीन वर्षांत सकाळी पाच ते आठ मी दूध घालत होतो आणि मग कॉलेजला जात होतो' ही शिल्लक. ज्याने शिल्लक दाखवली त्याला धनादेश लिहावाच लागत नाही. विशेषण समितीच्या मनात आपोआप उमटते. ज्याने नुसतेच धनादेश फाडले, त्याला पुढचा प्रश्न येतो, "मेहनती? एखादे उदाहरण द्या पाहू." आणि तिथे तो परत येतो.

पाठांतराचा आणखी एक तोटा आहे. पाठ केलेल्याची साखळी असते. एक कडी निसटली की सगळी गळून पडते. समितीतले कुणी मध्येच "तुमच्या नावाचा अर्थ काय?" असे सहज विचारतात, आणि मुलाला परत कुठून सुरू करावे ते सुचत नाही. स्वतःविषयी बोलताना माणूस विसरतो, हे किती विचित्र आहे! विसरतो, कारण तो स्वतःविषयी बोलतच नसतो. दुसऱ्याने लिहिलेल्या एका आदर्श उमेदवाराविषयी बोलत असतो.

वडिलांचा धंदा

या आदर्श उमेदवाराच्या नादात आपल्या मुलांच्या तोंडून सर्वांत आधी काय गळते? घर. वडील चहाची टपरी चालवतात, तर मुलगा सांगतो, "फादर बिझनेसमध्ये आहेत." आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, तर ती 'गृहिणी' होते. वडील यंत्रमागावर आहेत, तर 'टेक्सटाइल इंडस्ट्री'त असतात. हे खोटे नव्हे. पण खरेही नव्हे. यामागे एक जुनी, न बोललेली लाज आहे. टेबलापलीकडे बसलेली माणसे वेगळ्या जगातली आहेत आणि आपल्या जगाला तिथे किंमत नाही, अशी समजूत तिच्यामागे आहे.

वस्तुस्थिती उलट आहे. ज्याला बँकेत अधिकारी व्हायचे आहे त्याच्यासाठी चहाची टपरी म्हणजे घरातली शाळा आहे. तिथे रोजचा गल्ला आहे, उधारीची वही आहे, दूधवाल्याचे देणे आहे, खेळते भांडवल म्हणजे काय ते आहे. संध्याकाळी पिग्मीचा एजंट येतो आणि रोजचे पन्नास-शंभर रुपये नेतो. ही रोजच्या छोट्या ठेवीची योजना १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली आणि पुढे आपल्याकडच्या सहकारी बँका व पतसंस्थांनी ती घरोघर नेली. २०१५ नंतर मुद्रा कर्ज आले, २०१६ नंतर यूपीआय आले आणि टपरीच्या काचेवर क्यूआर कोड चिकटला. या साऱ्याचा अर्थ ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिला आहे, त्याने 'फादर बिझनेसमध्ये आहेत' एवढ्यावर तो गुंडाळावा, यासारखे नुकसान नाही. आईच्या बचतगटाचेही तसेच. नाबार्डने १९९२ मध्ये बचतगट बँकांना जोडण्याचा उपक्रम सुरू केला. त्या गटाच्या वह्या अनेक घरांत दहावी-बारावीतल्या लेकीच लिहीत आल्या आहेत. ही मुलगी बँकेच्या मुलाखतीत 'छंद : वाचन' सांगते आणि वहीचे नाव घेत नाही!

घराविषयी किती बोलावे? दोन वाक्ये पुरेत. समितीला सहानुभूती नको आहे, आणि आपणही ती मागू नये. गरिबीची कहाणी ऐकवून गुण मिळत नाहीत. मिळाले तरी ते घ्यावेसे वाटू नयेत. पण जे आहे ते सरळ, मान वर करून सांगावे आणि त्यातून आपण काय शिकलो तेवढे जोडावे. लाज आणि बढाई या दोन्हींच्या मधोमध एक साधी जागा असते. तिथून बोलणाऱ्याचा आवाज वेगळा लागतो.

एक नमुना, पण घोकण्यासाठी नव्हे

समजा, तासगाव तालुक्यातली एक मुलगी आहे. तिची ओळख कशी व्हावी? मराठीतच मांडून पाहू. मुलाखत इंग्रजीत किंवा हिंदीत द्यायची असेल तर तिने ती आपल्या शब्दांत बसवावी.

"सर, मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून मी शेतकीची पदवी घेतली. आमची द्राक्षाची तीन एकर बाग आहे आणि आम्ही बेदाणा करतो. भाव पडलेले असतात तेव्हा बेदाणा शीतगृहात ठेवून त्याच्या तारणावर कर्ज घेता येते, हे मी घरीच पाहिले. त्यामुळे कर्ज वेळेवर मिळणे आणि न मिळणे यात काय फरक पडतो ते मला ठाऊक आहे. आईच्या बचतगटाचे हिशेब मी चार वर्षे लिहिते. पदवीनंतर दीड वर्ष मी या परीक्षेचा अभ्यास केला; पहिल्या वेळी मुख्य परीक्षेत राहिले. शेतीकर्जाचे काम मला समजते आणि ते करायला आवडेल, म्हणून मी इथे आले आहे."

एवढेच. सव्वा मिनिटाच्या आत. यात 'मेहनती' हा शब्द नाही, 'प्रामाणिक' नाही, 'पॉझिटिव्ह' नाही. अपयश लपवलेले नाही आणि त्याचे भांडवलही केलेले नाही. शिवाय पुढचे प्रश्न कुठून येणार तेही तिने जवळजवळ ठरवून टाकले आहे : तारणकर्ज, बचतगट, किसान क्रेडिट कार्ड, शेतीकर्जाची थकबाकी. म्हणून तिने आदल्या आठवड्यात किसान क्रेडिट कार्ड १९९८ मध्ये सुरू झाले, कर्ज ९० दिवस थकले की ते सर्वसाधारणपणे अनुत्पादक ठरते पण पीककर्जाला हंगामाचा हिशेब लागतो, या गोष्टी नीट पाहून ठेवल्या पाहिजेत. जे दार आपण स्वतः उघडतो त्याच्या आत काय आहे ते आपल्याला माहीत असायलाच हवे.

हा नमुना दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही, हीच त्याची खूण. तासगावच्या मुलीची ओळख इचलकरंजीच्या मुलाला चालत असेल, तर ती ओळखच नव्हे.

'पण बँकच का?'

ओळखीच्या शेवटी, सांगितले नाही तरी, हा प्रश्न उभा असतोच. आज अधिकारी-परीक्षेला बसणाऱ्यांत अभियंते पुष्कळ असतात. रसायनशास्त्राचे, इतिहासाचे, औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर असतात. "यंत्र अभियांत्रिकी शिकून बँकेत कशाला आलात?" हा प्रश्न खोचक वाटतो, पण तो न्याय्य आहे. समितीला हवे असते ते एवढेच की, हा माणूस वर्षभरात सोडून तर जाणार नाही ना?

यावर 'लहानपणापासून बँकेत जाण्याचे माझे स्वप्न होते' हे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत खोटे असते आणि ऐकणाऱ्याला ते कळते. सातवीतल्या मुलाला बँकेचे स्वप्न पडत नाही. 'नोकरी सुरक्षित आहे' हे खरे असते, पण अर्धे. सुरक्षितता हवी असण्यात गैर काही नाही. आपल्या आई-वडिलांनी तीसाठीच आपल्याला शिकवले. मात्र नोकरीने मला काय द्यावे याबरोबर मी नोकरीला काय देईन हेही सांगता आले पाहिजे. अभियंत्याने सांगावे की, कारखान्याला कर्ज द्यायचे तर यंत्रांची किंमत, त्यांचे आयुष्य आणि उत्पादनक्षमता पाहावी लागते आणि ती मला कळते. औषधनिर्मितीच्या पदवीधराने सांगावे की, लहान औषध दुकानदाराचा साठा कसा फिरतो ते मला ठाऊक आहे. सापडत नसेल तर शोधावे. कारण बँकेचा संबंध येत नाही असा विषय जगात नाही.

आणि ज्यांना आपली पदवी 'भलतीच' वाटते त्यांनी चिंतामणराव देशमुखांची आठवण ठेवावी. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेला हा माणूस केंब्रिजला शिकला तो वनस्पतिशास्त्रासारखे निसर्गविज्ञानाचे विषय. आणि पुढे १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. संस्कृतची त्यांची गोडी अखेरपर्यंत टिकली. शिक्षण कशाचे झाले यापेक्षा त्या शिक्षणाने विचार करायला शिकवले की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

अभ्यासात गेलेल्या वर्षांचेही तसेच. 'दोन वर्षे काय केलेत?' या प्रश्नाची मुलांना धडकी भरते आणि मग न केलेल्या नोकऱ्या, न झालेले अभ्यासक्रम ओळखीत शिरतात. यातून जो सापडतो तो कायमचा सापडतो. बँकेत खाडाखोड केलेली नोंद सर्वांत आधी डोळ्यांत येते. 'परीक्षेचा अभ्यास करत होतो, सोबत शिकवण्या घेत होतो' हे उत्तर पूर्ण आहे. 'वडील आजारी होते, दुकान पाहत होतो' हेही पूर्ण आहे.

आपला जिल्हा, आपली भाषा

'मी अमुक जिल्ह्याचा' म्हटले की समिती तिथे हमखास थांबते. जळगावच्या उमेदवाराला केळी, सोलापूरच्याला चादर, नाशिकच्याला लासलगावचा कांदा विचारला जाणार. पण नाव सांगणे आणि समजणे यांत अंतर आहे. कांद्याचा भाव कोसळतो तेव्हा शेतकऱ्याचे कर्जखाते कसे हलते, हे सांगता आले तर तो बँकेचा माणूस. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक कोणती हेही माहीत हवे. १९६९ मध्ये, बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर काही महिन्यांतच, ही योजना आली, आणि तिच्यामागे धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाची शिफारस होती. ज्या मराठी अर्थतज्ज्ञाने बँकेला जिल्ह्याची जबाबदारी घ्यायला लावले, त्याच्या प्रदेशातल्या मुलाला आपला जिल्हा सांगता येऊ नये, हे बरे दिसत नाही.

भाषेची धास्ती हा आपल्याकडचा मोठा विषय. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना वाटते की, फर्डे इंग्रजी नसेल तर आपले काही खरे नाही. मुलाखत हिंदीतूनही देता येते, हे त्यांतल्या अनेकांना कुणी सांगितलेले नसते. इंग्रजीत द्यायची तर वाक्ये लहान ठेवावीत. लहान वाक्यात चूक कमी होते आणि झाली तरी दिसत नाही. अडले तर थांबावे, श्वास घ्यावा, शब्द बदलावा. आणि एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर "सर, मला हे माहीत नाही," इतके म्हणायला कोणत्याच भाषेत फारसे व्याकरण लागत नाही. नसलेले ज्ञान दाखवणाऱ्या अधिकाऱ्याची बँकेला भीती वाटते. 'विचारून सांगतो' म्हणणारा तिला हवा असतो.

हे झाले उमेदवारांचे. पण एक शब्द टेबलापलीकडच्यांनाही सांगितला पाहिजे. खणखणीत इंग्रजी, इस्त्रीचा सदरा आणि शहरी सफाई यांना गुणवत्ता समजण्याचा मोह समित्यांनाही होतो. ही मुले उद्या ज्या शाखांत बसणार आहेत तिथे समोर येणारा ग्राहक इंग्रजी बोलणार नाही. त्याची भीड मोडून त्याच्याशी बोलता येणे ही तिथली खरी कसोटी. लिपिकांच्या मुलाखती बंद करताना पक्षपाताला वाव राहू नये हा विचार होता. अधिकाऱ्यांची मुलाखत ठेवायची, तर ती त्या विचाराला जागली पाहिजे. एखादी घाबरलेली मुलगी पहिल्या वाक्याला थबकली, तर "सावकाश सांगा, घाई नाही" हे चार शब्द समितीकडे असावेत.

घरच्यांसाठी

रविवारी ही पुरवणी घरात फिरते. उमेदवाराच्या हातून ती आईच्या, आजोबांच्या हाती जाते. म्हणून थोडे त्यांच्याशी. मुलाखत जवळ आली की घरात दोन प्रकार दिसतात. एक तर कुणी त्या खोलीत जात नाही, नाही तर प्रत्येक जण जाऊन "नीट बोल हं" सांगून येतो. दोन्हींचा उपयोग नाही. उपयोगाचे काम एकच : ऐकणे. मुलाने कागदावर चार-पाच मुद्दे लिहावेत. वाक्ये नव्हेत, नुसते मुद्दे. ते पाहून घरच्यांपुढे मोठ्याने बोलावे. रोज वाक्ये निराळी आली तरी हरकत नाही. उलट तसेच व्हावे. घड्याळ लावावे. दीड मिनिटाच्या पुढे गेले की थांबवावे.

ऐकायला शक्यतो आजी असावी. तिला बँकेतले काही कळत नाही म्हणूनच. ऐकून झाल्यावर तिला एवढेच विचारावे, "आजी, मला बँकेत का जायचे आहे?" तिला सांगता आले तर समितीलाही कळेल. तिला नाही सांगता आले, तर दोष तिच्या वयाचा नव्हे. आणि बोलताना ती मध्येच "अरे, ते दूध घालायचास ते नाही का सांगत?" म्हणाली, तर ते लिहून घ्यावे. आपल्याविषयीच्या चांगल्या गोष्टी आपल्याला सामान्य वाटतात. त्या घरच्यांना आठवतात.

आणखी एक. निकाल काहीही लागो, तो माणसाचा निकाल नसतो. जागा थोड्या, बसणारे लाखो. १९६९ आणि १९८० च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा वाढल्या, भरती वाढली, आणि 'बँकेत लागला' हे आपल्याकडे लग्न जमवणारे वाक्य झाले. ते दिवस राहिले नाहीत. बँका एकत्र आल्या, २०२० च्या विलीनीकरणानंतर सरकारी बँका बाराच उरल्या, पुष्कळ कामे यंत्रांकडे गेली. चांगली ओळख करून देणारेही परत येतात. पण ज्याने आपले घर, आपली गेलेली वर्षे आणि आपले कारण एकदा सरळ शब्दांत सांगितले, त्याच्या हाती काहीतरी राहते. पुढच्या मुलाखतीला, पुढच्या दाराशी तो स्वतःला घेऊन जातो. पाठ केलेल्या माणसाला मात्र तिथे नवा पाठ लागतो.

निवड झाली, तर काही महिन्यांत हा उमेदवार टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसेल. बिहारमधल्या एखाद्या तालुक्यात, किंवा गडचिरोलीत. समोर एक माणूस येईल, हातात अर्ज, नजर खाली. "साहेब, कर्ज पाहिजे होतं." अधिकारी म्हणेल, "बसा. आपल्याविषयी सांगा." तो माणूस आपले शेत, आपली म्हैस, आपले मागचे देणे जमेल तसे सांगू लागेल. त्याच्या बोलण्यातले खरे किती, फुगवलेले किती, आणि लाजेने न सांगितलेले किती, हे ओळखणे म्हणजेच बँकेचे काम. आपल्याकडे त्याला 'पत पाहणे' म्हणतात. ज्याला स्वतःविषयी खरे बोलता आले आहे, त्यालाच दुसऱ्याचे खरे ऐकू येते.